कॉम्प्युटरच्या बंद पाण्यात बुळबुळीत थर येतो कुठून?

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहत गेल्या, तसा एक प्रश्न बातम्यांमधून सारखा समोर येतो आहे: ही केंद्रं पाणी किती पितात? प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या शेजारचा दुसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. एआयसाठी लागणाऱ्या चिप इतक्या तापतात की नुसत्या पंख्याच्या वाऱ्यावर त्यांचं भागत नाही. थंड करणारा द्रव थेट चिपच्या पाठीपर्यंत न्यावा लागतो. एनव्हिडियाच्या 'जीबी२०० एनव्हीएल७२' या एका रॅकमध्ये ७२ ग्राफिक्स प्रोसेसर असतात आणि तो एकटा रॅक सुमारे १२० किलोवॅट वीज घेतो. ती वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. ही उष्णता वाहून नेणारं पाणी त्याच त्या नळ्यांमधून महिनोन्महिने फिरत राहतं. मग ते नासत कसं नाही?

घरी हौसेने वॉटर कूलिंगचा पीसी जुळवणाऱ्याला हाच प्रश्न छोट्या प्रमाणात पडतो. सुरुवातीला काचेसारखं स्वच्छ असलेलं पाणी काही महिन्यांनी गढूळ होतं, टाकीच्या भिंतीला बुळबुळीत लागतं, आणि तोच गेम खेळताना प्रोसेसर पूर्वीपेक्षा जास्त तापू लागतो. दुकानदार एक बाटली पुढे करतो, 'हे चार थेंब टाका' म्हणतो. चार थेंबांनी काम का होत नाही, आणि कशाने होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

पाणी फिरतं कसं

रचना सोपी आहे. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा एक चपटा ठोकळा बसवलेला असतो, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. त्याच्या आतल्या बाजूला तांब्यातच कोरलेल्या अत्यंत बारीक पट्ट्या असतात आणि दोन पट्ट्यांमधली फट मिलिमीटरच्या एका छोट्या भागाइतकी असते. पंप पाणी त्या फटींमधून ढकलतो, पाणी उष्णता घेतं, नळीतून रेडिएटरकडे जातं, तिथे पंख्यांच्या वाऱ्यावर थंड होतं आणि टाकीतून पुन्हा पंपाकडे येतं. या पूर्ण फेऱ्याला लूप म्हणतात. घरच्या पीसीत साधारण लिटरभर पाण्यात हे सगळं चालतं.

पाणीच का, याचं उत्तर एका आकड्यात आहे. एक लिटर पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, ती एक लिटर हवेला लागणाऱ्या उष्णतेच्या सुमारे ३५०० पट असते. म्हणून थोडंसं पाणी खूप उष्णता उचलून नेतं.

आता एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. 'प्रोसेसर ८० अंशांवर असतो, तिथे जंतू मरतच असणार' असं अनेकांना वाटतं. चिप ८० अंशांवर असली तरी लूपमधलं पाणी बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या मध्ये राहतं. चिपजवळून ते क्षणभरात निघून जातं आणि तेवढ्या वेळात त्याचं तापमान थोडंच वाढतं. ३० ते ४५ अंश म्हणजे कोमट. बहुतेक जिवाणूंना हवा तेवढाच कोमटपणा.

शुद्ध पाण्यात ते जगतात कशावर?

डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेलं पाणी, भरलं की प्रश्न मिटला असं समजलं जातं. या पाण्यात क्षार नसतात हे खरं. पण क्षार नसणं वेगळं आणि जंतू नसणं वेगळं. बाटली उघडली की हवेतले जिवाणू आत जातात. फिटिंग आवळताना बोटांचे जातात. नळी कापताना, टाकीचं झाकण ठेवताना, रेडिएटर खोक्यातून काढताना ते येतच असतात. एकही जिवाणू नसलेला लूप घरी जुळवणं अशक्य आहे.

खाण्याचं काय? १९७१ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. रुग्णालयांमधल्या डिस्टिल्ड पाण्यात स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू नुसता तग धरत नाही, चांगला वाढतो, असं त्यात दाखवलं होतं. पाण्यात विरघळलेला सेंद्रिय पदार्थाचा लवलेशही त्याला पुरतो. आणि पीसीच्या लूपमध्ये तर लवलेशाहून बरंच जास्त असतं. नव्या रेडिएटरमध्ये त्याचे सांधे सोल्डर करून जोडताना लावलेल्या फ्लक्स या रसायनाचे अवशेष असतात. पीव्हीसीच्या मऊ नळीतून ती मऊ ठेवणारी रसायनं हळूहळू पाण्यात उतरतात. बोटांचा तेलकटपणा असतो, धूळ असते. लूप पारदर्शक असेल आणि आत दिवे लावलेले असतील तर शेवाळालाही उजेड मिळतो. जिवाणूंना मात्र उजेडाची गरज नसते. काळी नळी, काळी टाकी वापरून शेवाळ टळतं, जिवाणू टळत नाहीत.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं राहतं, मग तांब्याच्या ब्लॉकमधलं का नाही? ही शंका मराठी घरातून हमखास येते आणि तिच्यात तथ्य आहे. तांबं आणि चांदी यांचे अतिसूक्ष्म अंशही जिवाणूंना मारतात, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन नेगेली यांच्या १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून पुढे आलं. पण त्यासाठी तांबं थोडं थोडं पाण्यात उतरत राहायला हवं. कॉम्प्युटरच्या लूपमध्ये नेमकं तेच आपण होऊ देत नाही. बहुतेक तयार कूलंटमध्ये, म्हणजे लूपमध्ये भरायला बाटलीत मिळणाऱ्या द्रवात, गंजरोधक असतं, ते तांब्यावर पातळ कवच धरून त्याला विरघळू देत नाही. बरेचसे ब्लॉक तर निकेलचा मुलामा दिलेले असतात, म्हणजे पाण्याचा तांब्याशी संबंधच येत नाही. आणि जिथे उघडं तांबं असतं तिथेही, एकदा थर बसला की थराच्या वरच्या बाजूला राहणाऱ्या जिवाणूंपर्यंत तांबं फारसं पोचत नाही.

मोकळा जिवाणू आणि वस्ती केलेला जिवाणू

खरा मुद्दा हा थराचा आहे. पाण्यात मोकळे तरंगणारे जिवाणू फारसं नुकसान करत नाहीत. त्यातले काही पृष्ठभागाला चिकटतात, भोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा चिकट पदार्थ सोडतात आणि त्या चिकट्यात वस्ती करतात. या वस्तीला बायोफिल्म म्हणतात. आपण पुढे तिला थर म्हणू.

हा थर रोज सकाळी आपल्या ओळखीचा असतो. दातांवर रात्रीतून जो चिकट थर चढतो तो बायोफिल्मच. चूळ भरून तो जात नाही, कितीही कडक माउथवॉश वापरला तरी जात नाही, घासावंच लागतं. लूपमधल्या थराचं अगदी तसंच आहे. जे औषध मोकळ्या जिवाणूला मिनिटांत मारतं, तेच औषध थरातल्या जिवाणूवर शेकडो पट तीव्रतेनेही पुरेसं पडत नाही, कारण चिकटा औषधाला अडवतो आणि आत खोलवरचे जिवाणू जवळजवळ निद्रिस्त असतात.

थराने होणारं नुकसान दोन प्रकारचं. पहिलं, उष्णतेची वाट अडते. तांब्यातून उष्णता जितक्या सहज वाहते त्याच्या शेकडो पट कमी ती अशा पाणचट थरातून वाहते. दुसरं नुकसान त्याहून मोठं आहे, आणि त्याकडे लक्ष कमी जातं. समजा दोन पट्ट्यांमधली फट ०.३ मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंना ०.१ मिलिमीटर थर चढला तर उरते ०.१. अशा बारीक फटीतून शांतपणे वाहणाऱ्या पाण्याचं प्रमाण फटीच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतं. रुंदी एक तृतीयांश झाली की पंपाचा जोर तोच असूनही त्या फटीतलं पाणी सत्ताविसाव्या भागावर येतं. डोळ्यांना जेमतेम दिसेल असा थर ब्लॉक कसा निकामी करतो, त्याचं कारण हे.

हिरवं दिसलं म्हणजे शेवाळच का?

नाही, आणि इथे चुकीचं निदान फार होतं. टाकीच्या उजेडातल्या भागात हिरवी लव दिसत असेल तर शेवाळ असू शकतं. पण ब्लॉकच्या आत, पूर्ण अंधारात, हिरवट-निळसर कीट साठलेलं असेल तर ते बहुधा तांब्याचा गंज असतो. जुन्या पितळी-तांब्याच्या भांड्यांवर चढतो तोच. पांढरट-पिवळसर, मेणासारखा चिकट लगदा पट्ट्यांमध्ये अडकला असेल तर तो मऊ नळीतून निघालेल्या रसायनाचा असण्याची शक्यता जास्त. हा लगदा साध्या पाण्याने निघत नाही, भांडी घासायच्या साबणाने सुटतो. बोटांना बुळबुळीत लागणारं, रंगाने फिकट किंवा करडं, कधी कुबट वास येणारं काही आढळलं तर तो जिवाणूंचा थर.

निदान महत्त्वाचं अशासाठी की उपाय वेगळे आहेत. लगद्यावर जंतुनाशक ओतून काहीच होत नाही, नळी बदलावी लागते. गंजावर जंतुनाशकाने उलट भर पडू शकते.

अवकाश स्थानकावर काय झालं

या विषयात मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं. २००१ च्या फेब्रुवारीत 'डेस्टिनी' ही अमेरिकी प्रयोगशाळा स्थानकाला जोडली गेली. तिच्यातली उपकरणं थंड ठेवायला पाण्याचा बंद लूप आहे. खूप विचार करून बनवलेलं मिश्रण त्यात भरलं होतं: शुद्ध पाणी, धातू गंजू नये म्हणून फॉस्फेट, आम्लता स्थिर राहावी म्हणून बोरेट, आणि जिवाणूंसाठी चांदीचा क्षार.

आधी चांदी गेली. विरघळलेली चांदी पाण्यात टिकली नाही, लूपमधल्या धातूच्या पृष्ठभागांवर जाऊन बसली. पाणी जंतुनाशकाविना उरलं. मग सामू, म्हणजे पीएच, घसरू लागला. लूपमधल्या लवचिक नळ्या टेफ्लॉनच्या होत्या. टेफ्लॉनमधून पाणी गळत नाही, पण वायू झिरपतात. माणसांच्या श्वासामुळे स्थानकाच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण पृथ्वीवरच्यापेक्षा बरंच जास्त असतं. तो नळीतून आत झिरपला, पाण्यात विरघळून सौम्य आम्ल झाला, आणि सुमारे ९.५ वर ठेवलेला सामू ८.४ च्या आसपास आला. सामू उतरल्यावर उष्णताविनिमयकाच्या जोडांमधलं निकेल पाण्यात उतरू लागलं. निकेलने फॉस्फेटला पकडलं, दोघांचा गाळ बनला आणि गंजरोधक कमी होत गेलं. दरम्यान जिवाणूंची संख्या वाढत होती.

नळी, हवा, धातू, औषध, जिवाणू. सगळ्यांचा एकमेकांशी संबंध. यातली एकही गोष्ट एकटी हलवता येत नाही. शेवटी अभियंत्यांनी चांदी सोडून ऑर्थो-थॅलाल्डिहाइड हे रसायन निवडलं. रुग्णालयांत एंडोस्कोप निर्जंतुक करायला तेच वापरतात. ते धातूंना कमी त्रास देतं आणि धातूंवर जाऊन बसत नाही.

लूपमध्ये चांदीच्या तारेची गुंडाळी टाकून ठेवायची पद्धत पीसीच्या हौशी मंडळींमध्ये बरीच वर्षं चालत आली आहे. तिच्यावर पूर्ण भिस्त का ठेवू नये, ते यावरून लक्षात येईल.

कोणतं औषध कुणाला चालत नाही

पहिला नियम औषधाच्याही आधीचा आहे: तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एका लूपमध्ये आणू नका. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात असले की त्यांच्यात छोटी बॅटरी तयार होते आणि दुबळा धातू झिजतो. इथे दुबळं अ‍ॅल्युमिनियम. झिजून निघालेला भुगा फटींमध्ये अडकतो आणि खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर जिवाणूंना चिकटायला जागा मिळते. स्वस्तातला रेडिएटर घेताना तो कशाचा आहे हे विचारून घ्या.

तांब्याच्या क्षाराचं औषध, म्हणजे मोरचूद असलेले थेंब, शेवाळावर चांगलं काम करतं. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणात वापरतात तेच हे मोरचूद. उघड्या तांब्याच्या लूपला ते ठीक आहे. अ‍ॅल्युमिनियमला ते घातक आहे आणि निकेलच्या मुलाम्यालाही मानवत नाही. निकेलचा ब्लॉक असेल तर त्या ब्लॉकच्या उत्पादकाने मान्य केलेलं तयार कूलंटच घ्यावं. त्यात जंतुनाशक आणि गंजरोधक एकमेकांना सांभाळून घातलेले असतात. वरून आणखी थेंब टाकायचे नाहीत.

ग्लायकॉलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे अर्धवट माहिती उलटते. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल हे द्रव पाण्यात पुरेशा प्रमाणात, साधारण २० ते २५ टक्के किंवा जास्त, मिसळले तर जिवाणू वाढत नाहीत. पण प्रमाण त्याच्या बरंच खाली आलं, पाच-दहा टक्क्यांवर, की तेच ग्लायकॉल जिवाणूंचं अन्न बनतं. म्हणजे पातळी कमी झाली म्हणून प्रत्येक वेळी नुसतं पाणी टाकत गेलात, किंवा बचत म्हणून कूलंट जास्त पातळ केलंत, तर तुम्ही जिवाणूंना जेवण वाढताय. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण हे घटकांच्या हिशेबाने ठरलेलं असतं, ते काटेकोर पाळा.

दुधी, रंगीत, चमकत्या कूलंटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रोज वापरायच्या मशीनमध्ये ती घालू नयेत. त्यांचा रंग पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे असतो. कण कालांतराने खाली बसतात, आणि बसायला त्यांना सर्वांत सोयीची जागा म्हणजे ब्लॉकमधल्या फटी.

भरायचं पाणी

नळाचं पाणी नको. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरे थर धरतात, तेच क्षार ब्लॉकमध्ये धरतील. मुंबईचं तलावाचं पाणी बरंच मृदू असलं तरी त्यात क्षार आहेतच. घरच्या आरओचं पाणी प्यायला योग्य असतं, लूपला नाही. क्षार त्यातही उरतात. गाडीच्या बॅटरीत घालायचं जे पाणी मिळतं त्याच्या डब्यावर 'डिस्टिल्ड' की 'डीमिनरलाइज्ड' ते वाचा. दुसऱ्या प्रकारात क्षार काढलेले असतात, पण ते उकळून वाफ केलेलं नसतं. लूपसाठी दोन्ही चालतात, सीलबंद आणि अलीकडचं असेल तर. उघडून अर्धा वापरलेला, माळ्यावर पडलेला कॅन घेऊ नका.

टीडीएस मीटर हल्ली घरोघरी असतो. त्याने क्षार कळतात, जिवाणू कळत नाहीत. मीटरवर शून्य आलं म्हणजे पाणी निर्जंतुक, असं नाही.

सफाई

औषधापेक्षा सफाईवर जास्त वेळ घालवावा, कारण एकदा बसलेला थर घासूनच निघतो. मळलेल्या लूपमध्ये तसंच कडक जंतुनाशक ओतणं हा सर्वांत वाईट पर्याय. मेलेल्या थराचे तुकडे सुटतात, पाण्याबरोबर वाहत येतात आणि ब्लॉकच्या फटींमध्ये गाळणीसारखे अडकतात. जे सुटत नाही ते तिथेच राहून पुढच्या पिढीचं खाद्य होतं.

मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली. पाणी लूपच्या सर्वांत खालच्या तोंडातून काढा, मशीन हळूच कलवून रेडिएटरमधलं उरलेलं पाणीही काढा. ब्लॉक उघडण्याआधी फोनवर फोटो घ्या, कारण आतली सुटी चकती आणि रबरी कडी उलटी बसली तर पाणी भलत्या वाटेने जातं. पट्ट्या मऊ टूथब्रशने, पट्ट्यांच्याच दिशेने, भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात घासा. तारेचा ब्रश, स्क्रबर, सुई यातलं काहीही नको, निकेलचा मुलामा एका ओरखड्यात जातो. उघड्या तांब्यावर हिरवं कीट असेल तर पातळ व्हिनेगरमध्ये काही मिनिटं बुडवून लगेच भरपूर धुवावं. निकेलवर व्हिनेगर वापरू नये. अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला किंवा ब्लॉकच्या झाकणाला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावू नका, त्यावर केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि पुढे तिथूनच गळतं.

मऊ नळी साफ करण्यापेक्षा बदललेली बरी. आतला थर लांब नळीत नीट घासता येत नाही, आणि रसायन सोडून कडक झालेली नळी तशीही निरुपयोगी झालेली असते. नवी घेताना ईपीडीएम रबराची मिळाली तर उत्तम. ती दिसायला काळी असते, पण पीव्हीसीसारखं रसायन सोडत नाही.

रेडिएटर उघडता येत नाही, म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो. अर्धा भरेल इतकं गरम पाणी घाला, दोन्ही तोंडं बंद करा, जोरात हलवा, पांढऱ्या भांड्यात ओता. काळे कण, हिरवट झाक, फेस यातलं काही दिसेनासं होईपर्यंत पुन्हा पुन्हा. शेवटच्या दोन वेळा डिस्टिल्ड पाणी. नव्या कोऱ्या रेडिएटरलाही हे करायलाच हवं, फ्लक्स त्यातच असतो. हीच पायरी घाईत सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि पहिल्या सहा महिन्यांत येणाऱ्या अनेक तक्रारींचं मूळ तिच्यात असतं.

जोडून झाल्यावर आधी फक्त पंप चालवा. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या तोंडाला लावायचा छोटा जंपर मिळतो, त्याने मदरबोर्डला वीज न देता पंप फिरवता येतो. सांध्यांखाली टिश्यू पेपर ठेवा आणि काही तास तसंच चालू द्या. कागद कोरडा राहिला की मगच बाकीचं जोडा. 'आमचं कूलंट वीज वाहत नाही' या जाहिरातीवर विसंबू नका. नवं असताना ते खरं असतं. धातूंचे अंश मिसळले की वीज वाहू लागते.

मग ब्लीच टाकलं तर?

धातू असलेल्या लूपमध्ये नको. ब्लीच तांबं आणि निकेल दोघांनाही खातं. त्याहून मोठा धोका माणसाला आहे: ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा संडास साफ करायच्या आम्लात मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो फुप्फुसांना इजा करतो. एक पदार्थ वापरून झाल्यावर 'आता दुसऱ्यानेही धुऊन घेऊ' असं करताना हा अपघात होतो.

'माझ्या पीसीच्या कॅबिनेटमध्ये यूव्ही दिवे आहेत, ते जंतू मारत असतील ना?' नाही. जिवाणू मारणारा अतिनील प्रकाश २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. तो डोळ्यांना आणि कातडीला घातक असतो, म्हणून शोभेच्या दिव्यात तो ठेवतच नाहीत. शोभेचे यूव्ही दिवे जांभळ्या उजेडाच्या काठावरचे, कूलंट चमकवण्यापुरते असतात.

गाडीचं कूलंट? ते इंजिनासाठी, तिथल्या धातूंसाठी आणि तिथल्या तापमानासाठी बनवलेलं असतं. पूर्ण प्रमाणात घातलं तर लगेच काही बिघडणार नाही. पण बहुतेक जण ते 'थोडंसं' घालतात आणि वर सांगितलेल्या पातळ ग्लायकॉलच्या सापळ्यात सापडतात.

कारखान्यातून भरून, सीलबंद येणारे एआयओ कूलर असतात, त्यांच्याबाबत यातलं काहीच करता येत नाही आणि करायची गरजही क्वचित पडते. त्यांचं पाणी वर्षानुवर्षं हळूहळू नळीतून उडून कमी होत जातं. पंप आवाज करू लागला, तापमान चढू लागलं की अख्खा कूलरच बदलायचा.

घरातल्यांच्या तब्येतीला धोका आहे का?

पाण्याच्या कूलिंगमधून होणाऱ्या आजाराची गोष्ट खरी आहे, पण ती वेगळ्या पाण्याची आहे. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथून परतलेल्या अनेकांना न्यूमोनिया झाला, काही दगावले. पुढच्या वर्षी त्यामागचा जिवाणू सापडला आणि त्याला लीजिओनेला हे नाव मिळालं. तो साधारण २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून शरीरात जातो. मोठ्या इमारतींच्या गच्चीवरचे कूलिंग टॉवर असे तुषार हवेत सोडतात, म्हणून त्यांची तपासणी काटेकोर असावी लागते. घरच्या पीसीचा लूप बंद असतो, त्यातून तुषार उडत नाहीत. सफाई करताना हातमोजे घाला, पाणी जोराने फवारू नका, एवढी काळजी पुरे.

डेटा सेंटरमध्ये ही दोन्ही पाणी असतात, हे बातम्या वाचताना लक्षात ठेवण्यासारखं आहे. चिपजवळ फिरणारं पाणी बंद लूपमध्ये असतं, ते संपत नाही. जे केंद्र कूलिंग टॉवर वापरतं, तिथे बाष्प होऊन उडून जाणारं पाणी बाहेरच्या फेऱ्यातलं. 'किती पाणी पितं' हा हिशेब त्या बाहेरच्या पाण्याचा.

मोठ्या केंद्रांत हे कसं सांभाळतात

तिथे चिपजवळच्या लूपसाठी २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉलचं मिश्रण आता सर्रास वापरलं जातं. प्रमाण २५च का, ते वर आलंच: त्याखाली जिवाणूंना रान मोकळं, आणि फार वर गेलं तर मिश्रण घट्ट होऊन पंपावर भार येतो, उष्णताही कमी उचलली जाते. वाटेत काही शतांश मिलिमीटरचे कण अडवणारे फिल्टर असतात. ठराविक काळाने नमुना काढून सामू, तांब्याचं प्रमाण आणि जिवाणूंची मोजणी होते. तांब्याचा आकडा वाढला की गंजरोधक संपत आलं, जिवाणूंचा वाढला की कुठेतरी थर बसतोय. जिथे पाणी साचून उभं राहतं, अशा वापरात नसलेल्या नळीच्या टोकांना तिथले तंत्रज्ञ फार जपतात, कारण वस्ती तिथूनच सुरू होते.

पुण्यातल्या आयसर या विज्ञान संस्थेत राष्ट्रीय महासंगणक अभियानातून उभा राहिलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक चिपपर्यंत थेट द्रव नेण्याच्या पद्धतीने थंड ठेवलेला आहे. जर्मनीत म्युनिकजवळच्या गार्खिंगला २०१२ मध्ये सुरू झालेला 'सुपरमक' हा महासंगणक तर मुद्दाम ४० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यावर चालवला गेला. कोमट पाणी चालत असेल तर ते थंड करायला वेगळी यंत्रं चालवावी लागत नाहीत, विजेची मोठी बचत होते, तापलेलं पाणी हिवाळ्यात इमारत उबदार ठेवायलाही वापरता येतं. ही दिशा योग्यच आहे. फक्त पाणी जितकं जिवाणूंच्या आवडीच्या तापमानाजवळ, तितकी रसायनाची आणि तपासणीची शिस्त कडक ठेवावी लागते. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात आपली नवी केंद्रं याच दिशेने जातील, तेव्हा पाण्याचे रसायनतज्ज्ञही संगणक अभियंत्यांइतकेच लागतील.

घरच्या लूपला वर्षातून एकदा पाणी बदलणं पुरतं, कूलंटच्या बाटलीवर वेगळं लिहिलं नसेल तर. दर महिन्याला तोच गेम किंवा तीच चाचणी चालवून तापमान टिपून ठेवलंत तर थर डोळ्यांना दिसण्याआधी आकड्यांत दिसतो. खोलीचं तापमानही सोबत लिहा, नाहीतर एप्रिल महिना जिवाणूंच्या खात्यावर पडेल.

आणि काढलेलं पाणी कुठे टाकायचं तेही बघा. त्यात एथिलीन ग्लायकॉल असेल तर ते विषारी असतं आणि चवीला गोड असतं. सोसायटीच्या आवारात किंवा उघड्या गटारात ओतलंत तर कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मोरचूद असलेलं पाणी कुंडीत किंवा फिशटँकजवळ नको, माशांना ते थोडंसंही मारक असतं. झाकण घट्ट बसणाऱ्या कॅनमध्ये भरून, वर आत काय आहे ते ठळक लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि गाड्यांचं जुनं कूलंट गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या.